मुंबईला येतोय, कुठे जेवू?

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा बोलणाऱ्यांना एकच अट घातली होती. आपापल्या धंद्यातलं असं काहीतरी सांगायचं, जे बाकीच्यांच्या उपयोगी पडेल. काल आपल्या डॉक्टरांनी गुडघ्यांवर सांगितलं. बँकवाल्याने मृत्युपत्र आणि नॉमिनी यांतला फरक सांगितला. गुडघे आणि मृत्युपत्रानंतर आता जेवणाचा विषय आलाय म्हणून तुम्हाला हायसं वाटलं असेल, तर मला त्याचा आनंद आहे.

बारावीनंतर मी दादरच्या केटरिंग कॉलेजात गेलो. ही संस्था 1954 सालची, म्हणजे आपल्यापेक्षा बरीच मोठी. पण आपल्या गावात बातमी अशी पसरली, की हा वेटर व्हायला मुंबईला गेला. बातमी अगदी खरी होती. पहिली तीन वर्षं मी वेटरच होतो. नंतर कॅप्टन झालो, पुढे मॅनेजर झालो. तीस वर्षं मुंबईच्या हॉटेलांमध्ये लोकांना जेवायला बसवणं हेच माझं काम होतं.

त्यामुळे मला तुमचे फोन येतात. फोनचा मजकूर ठरलेला असतो. "अरे, आम्ही मुंबईला येतोय. लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एकदा चांगल्या मोठ्या ठिकाणी जेवायचंय. पैशाचं बघू नकोस, फक्त चांगलं सांग." मी बरं म्हणतो. मग दोन क्षण शांतता, आणि हळू आवाजात, "साधारण किती होतील रे?"

यात हसण्यासारखं काही नाही. आपण ज्या घरांतून आलो, तिथे बाहेर जेवणं म्हणजे एसटी स्टँडवरची मिसळ, तीही बाहेरगावी जाताना. एका जेवणाला महिन्याच्या किराण्याइतके पैसे द्यायचे, हे अजूनही आपल्या हाताला जमत नाही. आणि द्यायचेच, तर ते वाया जाऊ नयेत, ही काळजी रास्त आहे. म्हणून आज जरा नीट सांगतो.

फोनवर मी लगेच हॉटेलाचं नाव सांगत नाही. आधी चार प्रश्न विचारतो. पहिला, बरोबर कोण आहे? दुसरा, निमित्त काय? तिसरा, तुमच्या घरी काय उत्तम बनतं? आणि चौथा, सगळं धरून किती रकमेला रात्री झोप लागेल? हे चार प्रश्न सोडवले, की मुंबईतली शेकडो नावं गळून चार-पाच उरतात.

तिसऱ्या प्रश्नाने लोक गोंधळतात. घरी जे उत्तम बनतं ते खायला बाहेर कशाला जायचं, एवढंच त्यामागे आहे. आपण कोकणातली माणसं. मुंबईत सुरमईच्या तुकड्याला भरपूर पैसे मोजायचे आणि जेवताना "आपल्याकडे याहून बरी असते" असं म्हणायचं, हा आपला आवडता उद्योग आहे. मासेच खायचे असतील तर जे आपल्या चुलीवर होत नाही ते मागवा. फोर्टमधलं 'तृष्णा' लोणी, मिरी आणि लसणातल्या खेकड्यासाठी प्रसिद्ध आहे. खेकडा आपलाच, पण तऱ्हा वेगळी. आणि एक गोष्ट तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तरी सांगतो. 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. जुलैत मुंबईला येऊन ताजं पापलेट मागितलंत, तर ते बर्फातलं तरी असणार, नाहीतर लांबून आलेलं. त्या दिवसांत मटणाकडे वळावं.

आता मुंबईत 'खास जेवण' म्हणजे काय काय मिळतं, ते सांगतो.

एक प्रकार जुन्या नावांचा. बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' 1923 पासून आहे. तिथला बेरी पुलाव इराणहून येणाऱ्या आंबटगोड लाल बेरींचा. पण ते दुपारचं ठिकाण आहे. रात्रीचा बेत आखून तिथे गेलात तर बंद दार बघून परत याल. काळबादेवीतलं 'ठाकर भोजनालय' 1945 चं. गुजराती थाळी, आणि आग्रह असा की आपल्याकडच्या लग्नातल्या पंगतीची आठवण व्हावी. ही ठिकाणं फार महाग नाहीत. पण 'खास' आणि 'महाग' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि आपल्या मराठीच्या बाईंसमोर मी ते एकाच अर्थाने वापरण्याचं धाडस करणार नाही.

दुसरा प्रकार मोठ्या हॉटेलांचा. तिथे पदार्थांइतकेच पैसे जागेचे, शांततेचे आणि वाढण्याचे असतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना वाढलं, त्याला कुणीतरी शांतपणे वाढावं, यालाही किंमत आहे.

तिसरा प्रकार नव्या रेस्टॉरंटांचा. कमला मिलच्या आवारातलं 'बॉम्बे कॅन्टीन' 2015 साली सुरू झालं. आपल्याच देशातल्या भाज्या, धान्यं आणि रस्त्यावरचे पदार्थ नव्या रूपात मांडणं ही त्याची ओळख. त्यामागचे शेफ फ्लॉइड कार्डोझ 2020 च्या मार्चमध्ये करोनाने गेले. महालक्ष्मीला लक्ष्मी वुलन मिलच्या आवारात 2016 पासून 'मास्क' आहे. तिथे 'टेस्टिंग मेनू' असतो. हा शब्द नीट समजून घ्या, कारण इथेच पाहुण्यांचा घोटाळा होतो. टेस्टिंग मेनू म्हणजे आपण काही निवडायचं नाही. शेफने ठरवलेले आठ-दहा पदार्थ, प्रत्येक दोन-तीन घासांचा, एकामागून एक येतात. अडीच-तीन तास लागतात. आवड असेल तर हा अनुभव नाटकासारखा आहे, तिकीट काढून बघावा असा. पण ज्यांना साडेआठला जेवून गोळी घ्यायची असते, किंवा ताट समोर भरलेलं दिसल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्यांना तिथे नेणं ही शिक्षा आहे. दोघांना मिळून पाच आकडी बिल देऊन बाहेर पडल्यावर "आता कुठे वडापाव मिळेल का?" असं विचारणारं जोडपं मी पाहिलेलं आहे.

काही जण विचारतात, "मिशेलिन स्टारवालं सांग ना." मिशेलिन ही मुळात टायरची फ्रेंच कंपनी. लोकांनी गाड्या जास्त चालवाव्यात, टायर झिजवावेत, म्हणून तिने 1900 साली प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढलं. 1926 पासून चांगल्या जेवणाला तारा, आणि 1931 पासून एक, दोन, तीन तारे. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबा. दोन म्हणजे वाट वाकडी करून जा. तीन म्हणजे त्यासाठीच प्रवास करा. पण हे पुस्तक भारतात तारे देत नाही. ज्यांची मुलं दुबईला आहेत त्यांच्यासाठी सांगतो, तिथल्या 'ट्रेसिंड स्टुडिओ' या भारतीय रेस्टॉरंटला 2025 मध्ये तीन तारे मिळाले. भारतीय जेवणाला हा मान पहिल्यांदाच मिळाला. मला स्वतःला यातली प्रवासाची मोजणीच आवडते. किती तारे यापेक्षा, मी यासाठी वाट वाकडी करीन का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

आता व्यवहाराच्या गोष्टी. वही काढली तरी चालेल.

टेबल आधी राखून ठेवा, आणि राखताना खरं सांगा. लग्नाचा वाढदिवस आहे, बरोबर ऐंशी वर्षांची आई आहे, तिला पायऱ्या चढवत नाहीत, एकाला मधुमेह आहे, एकजण कांदा-लसूण खात नाही. फोन घेणाऱ्याला याचा त्रास होत नाही, उलट आमचं काम सोपं होतं. आयत्या वेळी कळलं तर स्वयंपाकघरात धावपळ होते आणि तुम्हाला मिळतो तो उरलासुरला पर्याय. 31 डिसेंबर आणि 14 फेब्रुवारी टाळा. त्या दिवशी दर जास्त, पदार्थ ठरलेले आणि वाढणारे दमलेले. शनिवारपेक्षा मंगळवार, बुधवार बरे. रात्री साडेसातला पोचलात तर स्वयंपाकघर ताजंतवानं असतं आणि कॅप्टनला तुमच्याशी दोन शब्द बोलायला वेळ असतो. बऱ्याच महागड्या ठिकाणी दुपारचं जेवण स्वस्त पडतं. जागा तीच, हात तेच.

बसल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा येतो. "स्टिल की स्पार्कलिंग?" याला तिसरं उत्तर आहे, "साधं." साध्या पाण्याचे पैसे पडत नाहीत, आणि ते मागितल्याने कुणाची किंमत कमी होत नाही. मेनू कळला नाही तर विचारा. मराठीत विचारा. मुंबईच्या हॉटेलांत वाढणाऱ्यांमध्ये आपल्याकडची मुलं कमी नाहीत. "यात काय असतं, आणि आमच्या वयाच्या माणसांना काय झेपेल?" हा प्रश्न ऐकून चांगला कॅप्टन खूश होतो. काटे-चमचे बाहेरून आत वापरत यायचे, एवढा एकच नियम. तोही जमला नाही तर हाताने जेवा. दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधल्या 'बुखारा'त एप्रन बांधून हातानेच जेवायची रीत आहे, आणि ते देशातल्या सर्वांत नावाजलेल्या ठिकाणांपैकी एक आहे.

आत शिरताना बाहेर पडायचं दुसरं दार कुठे आहे, हे बघून ठेवा. 2017 च्या डिसेंबरात कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून 14 माणसं गेली. त्यातली बरीचशी वाढदिवस साजरा करायला आली होती. मी कुठेही गेलो तरी आधी दार बघतो, मग मेनू.

बिलाचं सांगतो. मेनूवरची किंमत म्हणजे शेवटची किंमत नव्हे. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी 5 टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर आहे, तिथल्या रेस्टॉरंटात 18 टक्के. मद्याला जीएसटी नाही, त्यावर राज्याचा वेगळा कर. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये सांगितलं, की तो आपोआप बिलात लावता येणार नाही, आणि 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. तेव्हा नको असेल तर तो काढायला सांगा. पण मुलाने मनापासून वाढलं असेल, तर त्याच्या हातात काहीतरी ठेवा. हे मी आमच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतोय.

एवढं सांगून झाल्यावर खरं तर मी बसायला हवं. पण चार प्रश्नांपैकी पहिल्या प्रश्नाबद्दल थोडं सांगायचं राहिलंय. बरोबर कोण आहे? ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो इथेच बसलाय, आणि त्याची परवानगी घेतलेली आहे. नाव घेणार नाही. तुम्ही ओळखालच.

आपण पाचवीत होतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुंबईहून एक मुलगा आपल्या वर्गात आला. त्याच्या शर्टाच्या कापडाला आपण हात लावून बघायचो, कारण ते त्याच्या बाबांच्या गिरणीत विणलेलं होतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात होते. महिने गेले, संप मिटेना, आणि एकेक बिऱ्हाड गावाकडे परतलं. आपल्याला तेव्हा संप वगैरे कळत नव्हतं. आपल्याला एवढंच कळलं, की कबड्डीला एक गडी वाढला.

तीन वर्षांपूर्वी त्याचा मला फोन आला. आई-बाबांच्या लग्नाला साठ वर्षं होत होती. दोघांना मुंबईला आणून जेवायला न्यायचं होतं, आणि जागा त्याने आधीच ठरवली होती. बाबा ज्या गिरणीत होते, तिच्या आवारात आता मोठं रेस्टॉरंट आहे. तो म्हणाला, "ज्या गेटवर बाबांना अडवलं, त्याच गेटातून त्यांना गाडीतून आत नेणार. खुर्ची ओढून बसवणार. तू फक्त चांगलं टेबल बघ."

मी विचारलं, "बाबांना विचारलंस?"

"सरप्राइज आहे."

"आधी विचार. आणि आईंना वेगळं विचार."

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी फोन आला. बाबा म्हणाले होते, "तिथे मी जेवलोय. साच्याच्या बाजूला, घाईघाईने. आता परत नको." बस, एवढंच. रागाने नाही, कपाळाला आठी न घालता. मुलाच्या मनात जो विजय होता, तो बाबांना नको होता. त्यांच्या लेखी ती जागा जिंकायची नव्हती.

आईंचं उत्तर मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. परळच्या खोलीत त्या बारा कामगारांची खानावळ चालवायच्या. दोन वेळचं जेवण, पाळ्यांप्रमाणे, आठवड्याची सुट्टी नाही. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरणी चालत होती ती त्या बायकांच्या चुलींवरसुद्धा. तर आईंना विचारलं, तुम्हाला कुठे जेवायचंय? त्या म्हणाल्या, "कुठेही. मला कुणीतरी वाढावं, आणि मी उठायचं नाही. आणि समुद्र दिसला तर बरं."

तीस वर्षांत इतकी नेमकी ऑर्डर मला कुणी दिली नव्हती.

रात्रीचं जेवण आम्ही रद्द केलं. दोघांनाही रात्री दूध-भाताची सवय. गेटवेसमोरच्या ताजमध्ये पहिल्या मजल्यावर 'सी लाउंज' आहे, खिडकीतून बंदर दिसतं. ताज 1903 चं, गेटवे 1924 साली पुरा झाला. रविवारी पोरांना घेऊन गेटवेवर यायचं, कठड्याला टेकून त्या इमारतीकडे बघायचं आणि बसने परत जायचं, असं त्या माणसाने संपापर्यंत कितीदा तरी केलेलं होतं. दुपारी चारचं टेबल घेतलं. चहा, सँडविच, केक, आणि मुंबई असल्यामुळे शेवपुरीसुद्धा.

मी बरोबर नव्हतो. पुढचं त्याने सांगितलेलं. खाऊन झाल्यावर आई सवयीने बशा एकात एक रचायला लागल्या. वाढणारा मुलगा खाली वाकून म्हणाला, "आजी, राहू द्या, ते माझं काम आहे." त्या हात मांडीवर ठेवून खिडकीतून होड्या बघत बसल्या. हे वाक्य त्यांनी गावात प्रत्येकाला सांगितलं. केकचं नाव त्यांना आठवत नाही.

बिल आलं, तेव्हा मुलगा लपवायला लागला. बाबांनी हात पुढे केला. नीट वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "गिरणीतल्या एका वर्षाच्या पगाराचा चहा झाला." आणि मग खूप हसले. मी तुम्हाला सांगतो, बिल लपवू नका. आपल्या मुलाला एवढं परवडतं, हे कळण्याचा आनंद आई-वडिलांना हक्काने घेऊ द्या. आणि त्यावर त्यांना बोलायचं असेल, तर तेही बोलू द्या.

बाबा गेल्या वर्षी गेले. ते बिल अजून त्यांच्या डायरीत आहे, असं आई सांगतात.

मित्रहो, यापुढेही मला फोन करा. टेबल मिळवून देणं, जागा सुचवणं हे मी आनंदाने करीन. फक्त आपण आता पन्नाशीच्या पुढे आहोत, हे लक्षात ठेवा. काल हात वर करायला सांगितलं होतं, तेव्हा आपल्यापैकी निम्म्यांहून जास्त जणांचे आई किंवा वडील अजून आहेत, हे दिसलं. त्यांना कुठेतरी न्यायचं राहून गेलं असेल, तर या वर्षी न्या. कुठे ते आपण ठरवू नका, त्यांना विचारा. उत्तर "काही नको" असं आलं, तर आठवड्याने पुन्हा विचारा. आपली माणसं पहिल्यांदा विचारलं की "काही नको" असंच म्हणतात.

आणि समोर बसलेल्या सर आणि बाईंनाही तोच प्रश्न आमच्याकडून आहे. आपण मुंबईला कधी येताय, आणि आपल्याला काय खायला आवडेल? आम्ही साठ-सत्तर जण आहोत. आपापसात वाटून घेऊ, बिलाची काळजी नसावी.

 आजच्या पंगतीत वाढायला मी आहे. सवय गेलेली नाही.